उजवा रकाना

वंदना पाटकर गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी मीरा रोडच्या एका रुग्णालयात वारली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय बेचाळीस. तिचे यजमान श्रीकांत यांचा मेसेज आला तेव्हा मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर एक बातमी कापून छोटी करत होते. ती पूर्ण केली, मग निघाले.

इंद्रलोक सोसायटीत आमचा जिना एकच. ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. चार वर्षांपूर्वी जर्मन शिकायची कल्पना माझी होती, शब्दकोशही माझा. "मलाही ने की गं," ती म्हणाली, "रविवारी नुसत्या चपात्या लाटतेय." स्टेशनजवळच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये निवृत्त देव सर शिकवायचे. ड्यूटीवरून परस्पर येताना मला उशीर व्हायचा. वंदना शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून माझी जागा धरायची.

ती मुलाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहायची आणि भाजी निवडताना वाक्यं म्हणायची. महिन्याभरात ती माझ्या पुढे गेली. "वंदनाताई, परत म्हणा. सगळ्यांनी ऐका," असं सर पहिल्या सत्रात अकरा वेळा म्हणाले. मला एकदाही नाही. मी मोजत होते... मला तिचा हेवा वाटत होता, आणि तो मी तिच्याच शेजारी बसून करत होते.

पहिल्या भेटीत माणूस कसा वाटला, हे बोलायला सरांनी शिकवलं ते त्यांच्या पद्धतीने. पानावर दोन रकाने. डावीकडे शेजारच्या माणसाबद्दलचं पहिलं मत, उजवीकडे आताचं. डावीकडचं खोडायचं नाही. सुरुवात ठरलेली, 'आउफ डेन एर्स्टन ब्लिक', म्हणजे पहिल्या नजरेत. आणि उजवीकडचं वाक्य त्या माणसाच्या तोंडावर म्हणायचं.

मी आधी उठले. पहिल्या नजरेत ती साधी वाटली, आता ती मिरवणारी वाटते, असं म्हणाले. ते खरं नव्हतं. ती मिरवत नव्हती, तिला येत होतं. सर म्हणाले, "वाक्य बरोबर आहे." माझं एवढंच वाक्य त्यांनी दुरुस्त केलं नाही.

वंदना उठली. पहिल्या नजरेत ही फार हुशार वाटली, मी जिन्यात बोलायला घाबरले, असं तिने सांगितलं. मग मराठीत म्हणाली, "सर, दुसरं पुढच्या रविवारी चालेल? नीट तयार करते." रिक्षात ती माझ्याकडे बघून हसली. "काय पत्रकारबाई, आज छापलंत हं मला."

पुढच्या रविवारी मी गेले नाही. ड्यूटी आहे म्हणाले. ड्यूटी नव्हती. नंतरही गेले नाही. वंदना परीक्षा पास झाली, अंधेरीला भाषांतराच्या नोकरीला लागली. जिन्यात आम्ही पाण्याच्या वेळा आणि मुलांच्या शाळा यांवर बोलत राहिलो. त्या वाक्याचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

तेराव्यानंतर श्रीकांतभाऊजींनी वंदनाकडेच राहिलेला माझा शब्दकोश परत दिला. आत ती वही होती. माझ्या नावाच्या पानावर डावा रकाना भरलेला. उजव्यात फक्त त्या पुढच्या रविवारची तारीख. खाली कोरं.

मी देव सरांना फोन केला. त्या रविवारी वंदना आली होती का, एवढंच विचारलं.

"आली होती," सर म्हणाले. "तुम्ही समोर असल्याशिवाय म्हणणार नाही म्हणाली. वर्ग सुटेपर्यंत शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसली होती."