खोट अॅम्पमध्येच असू दे

ऑरिन झॅस्ट्रोच्या घरात तळघराच्या जिन्यावर एक लाल दिवा आहे. तो लागला की खाली रेकॉर्डिंग चालू असतं. तेव्हा वर त्याची बायको मार्लीस मिक्सर लावत नाही, कपड्यांचं मशीन फिरवत नाही, आणि बहिणीचा फोन आला तर कोट चढवून मागच्या अंगणात जाऊन बोलते. घर गरम ठेवणारी भट्टीसुद्धा बंद करावी लागते, कारण तिची घरघर माइक बरोबर टिपतो. त्यांच्या मॅनिटोवॉक गावच्या जानेवारीत भट्टी बंद केली की पाऊण तासात स्वयंपाकघरात तोंडातून वाफ दिसायला लागते. मार्लीस टोपी घालून बटाटे सोलते. तिची याबद्दल कधी तक्रार नव्हती. गाणं झालं की दिवा विझायचा.

या हिवाळ्यात मात्र दिवा विझत नव्हता आणि गाणंही होत नव्हतं.

ऑरिन शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. आयुष्यभर पिवळ्या गाड्यांच्या पोटाखाली झोपलेला माणूस. पण शुक्रवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या सपर क्लबात तो वेगळाच असायचा. लोक तळलेला मासा आणि कोबीची कोशिंबीर खायचे आणि कोपऱ्यात तिघं वाजवायचे: ऑरिन गिटारवर, डेनी वोइटा बेसवर, रॉजर ड्रमवर. बोटं पळवणारे गिटारवाले या भागात पैशाला पासरी. ऑरिन बोटं पळवायचा नाही. तो एक सूर धरायचा आणि सोडायचाच नाही. तो सूर टेबलांवरून असा सरळ जायचा की माणसं घास तसाच तोंडात ठेवून थांबायची. एकदा एक म्हातारी त्याच्याजवळ येऊन म्हणाली होती, “बाळा, मध्ये श्वास तरी घे.”

मग क्लब विकला गेला आणि रॉजर दुखरे गुडघे घेऊन अॅरिझोनाच्या उन्हात राहायला गेला. तेव्हापासून तिघं आपापल्या घरी आपापला भाग रेकॉर्ड करायचे आणि डेनीला पाठवायचे. डेनी ते कॉम्प्युटरवर जोडायचा. त्यांचं स्वतःचं, फक्त ओळखीच्यांत वाटायचं असं एक रेकॉर्ड होत आलं होतं. शेवटचं गाणं तेवढं राहिलं होतं, संथ चालीचं. त्याच्या मध्यावर बाकी सगळं थांबतं आणि ऑरिनचा एकट्याचा सूर उरतो.

तोच हलत होता.

फार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ऑरिनला वाटलं, हेडफोनची तार ढिली असेल. मग पुन्हा ऐकलं. सूर निघायचा, उभा राहायचा, आणि मग पाण्यावरच्या बोयासारखा हेलकावे घ्यायला लागायचा.

गिटारचा आवाज मोठा करणारा त्याचा अॅम्प जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. पहिल्या पगारातून घेतलेला. अशा अॅम्पवर आवाज मुद्दाम हेलकावायचं एक बटण असतं. ते शून्यावर ठेवलं तरी हेलकावा येतोय, म्हणजे बटणामागचं सर्किट कुठंतरी गळतंय, असं ऑरिनने ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, देवाजवळ मागितलं. खोट अॅम्पमध्येच असू दे.

कारण दुसरी शक्यता त्याला माहीत होती. त्याचे वडील चीजच्या कारखान्यात होते. ऑरिनच्या आताच्या वयाचे असताना त्यांचा हात थरथरायला लागला. चर्चमध्ये सगळे प्रार्थनेला उभे राहिले की त्यांच्या हातातल्या पुस्तकाची पानं सळसळत राहायची, आणि आजूबाजूची माणसं अतिशय लक्ष देऊन समोर बघायची. ऑरिन तेव्हा मोठा होता, लग्नाचा. तोही समोरच बघायचा.

इंटरनेटवर जुन्या अॅम्पवाल्यांचं एक चर्चापान होतं. तिथे दिवसभर कुणी ना कुणी हजर असायचं. ऑरिनने लिहिलं, असं असं होतंय.

“कपॅसिटर गेलेत,” एकाने लगेच लिहिलं.

“तुला दर वेळी कपॅसिटरच गेलेले दिसतात. तुझी बायको गेली तेव्हाही तू कपॅसिटर बदलले होतेस,” दुसऱ्याने त्याला सुनावलं.

“बाबांनो, एका वेळी एकच गोष्ट बदला,” तिसरा म्हणाला. हा त्या लोकांचा एकमेव धर्म. सगळं एकदम बदललं तर खोट कुठे होती ते कधीच कळत नाही.

ऑरिनने धर्म पाळला. व्हॉल्व्ह बदलले, एकेक करून. मग कपॅसिटर. मग केबल, मग माइक. एकेक पार्ट टपालाने यायचा. तो येईपर्यंतचे दिवस बरे जायचे, कारण तेवढे दिवस खोट त्या पार्टमध्ये असायची.

मग त्या तिसऱ्याने रेकॉर्डिंग ऐकून लिहिलं, “दोस्ता, हा अॅम्प नव्हे. अॅम्पचं ते सर्किट आवाज लहानमोठा करतं. तुझा आवाज लहानमोठा होत नाहीये, सूरच वरखाली सरकतोय. गिटार बघ.”

ऑरिनने कॉम्प्युटर बंद केला. मग गिटारच्या तारा बदलल्या.

अॅम्प उघडला की एक हात खिशात ठेवायचा, हाही त्या मंडळींचा नियम. आत वीज साठून राहते. दोन्ही हात लागले तर ती छातीतून जाते. ऑरिनचा डावा हात आता खिशातच असायचा. अॅम्प बंद असतानाही. जेवतानाही.

“बटाट्यात वीज नाहीये, ऑरिन,” मार्लीस एकदा म्हणाली.

“सवय झालीये.”

“मटण एका हाताने कापायची पण?”

“मऊ झालंय आज. छान झालंय.”

तिने त्याच्या ताटातला तुकडा ओढून घेतला, कापला आणि परत ठेवला. मग आपल्या ताटाकडे बघत म्हणाली, “मी फोन केला होता डॉक्टरांकडे. मंगळवारची वेळ देताहेत.”

“काय होतंय तुला?”

“गुडघा.” ती थांबली. “नाही. माझं काही नाही.”

ऑरिन घोटभर पाणी प्यायला. “एक पार्ट यायचाय अजून,” तो म्हणाला. “तो येऊ दे. मग बघू.”

“तू दर वेळी हेच म्हणतोस.”

“दर वेळी एक पार्ट यायचाच असतो.”

उठून तिने भट्टी पुन्हा लावली.

रविवारी दुपारी डेनी न विचारता येऊन उभा राहिला. पॅकर्सची, म्हणजे त्यांच्या फुटबॉल टीमची, मॅच नव्हती, त्यामुळे त्याला घरी करमत नव्हतं. हातात दाताखाली कुरकुरणाऱ्या ताज्या चीजची पिशवी, पाठीवर स्वतःची गिटार. धिप्पाड माणूस, क्रेनच्या कारखान्यात एक अंगठा चेपलेला.

“मार्लीस, हा जिवंत आहे का खाली? की मी उगाच चीज आणलं?”

“जा खाली. दिवा लागला असला तरी जा,” मार्लीस म्हणाली. असं ती याआधी कधी म्हणाली नव्हती.

खाली आल्या आल्या डेनीने सुरुवात केली. “ऑरी, रॉजरने वाळवंटातून ड्रमचं रेकॉर्डिंग पाठवून दिलं नाताळच्या आधी. त्याचे गुडघे नवे बसले, तो नाचायला लागला, आणि तुझा एक सूर होत नाहीये?”

“हेलकावतोय.”

“काय काय बदललंस?”

ऑरिनने सांगितलं. सांगता सांगता त्याच्याच लक्षात आलं की सांगायचं आता संपत आलंय.

“गिटार?” डेनीने विचारलं.

“तारा बदलल्या.”

“तारा नव्हे रे, गिटार. ही घे माझी. एका वेळी एकच गोष्ट.”

ऑरिनने डेनीच्या गिटारवर वाजवलं. सूर निघाला, उभा राहिला आणि हलला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सुराची रेघ दातेरी दिसत होती.

“हात् तिच्या,” डेनी म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, हे ऑरिन शेवटपर्यंत सांगत असे. त्याने फक्त पुढची गोष्ट बदलली. “आण इकडे. बघू मी वाजवून.”

ऑरिनने गिटार लगेच दिली नाही. तिचा पट्टा गळ्यातून काढायला त्याला उगाच वेळ लागला. डेनीने ती हिसकावल्यासारखी घेतली आणि मांडीवर आडवी टाकली.

“हसू नकोस. बेसच्या जाड तारांचा माणूस आहे मी.”

त्याने फावड्याने खणावं तसा एक सूर काढला. त्यात गोडवा नव्हता, जीव तर मुळीच नव्हता. पण तो खुंटीसारखा उभा राहिला आणि हलला नाही. पडद्यावर रेघ सरळ जात राहिली.

डेनीने तळवा टाकून तो मध्येच दाबून टाकला.

वर मार्लीसच्या चपलांचा आवाज आला आणि थांबला.

“व्हॉल्व्ह तापले असतील आता,” डेनी म्हणाला.

“हं.”

“गार असताना करत असेल तसं.”

“असेल.”

“आता वाजव तू. आता नाही करायचा.”

ऑरिनने वाजवलं. डेनीने मान खाली घातली आणि चीजच्या पिशवीची गाठ सोडवायला लागला. ती आधीच सुटलेली होती.

“थंडी किती आहे इथे,” तो म्हणाला. “कुणाचाही हात गारठेल. मार्लीस, भट्टी लाव गं.” भट्टी लागली. ती घरघरत राहिली, दोघं चीज खात बसले आणि रॉजरच्या नव्या गुडघ्यांवर बोलले. ऑरिनने हात काखेत धरून ऊब आणली. मग पुन्हा वाजवलं. भट्टीच्या घरघरीवरही हेलकावा ऐकू येत होता.

“थांब, थांब,” ऑरिन एकदम म्हणाला. त्याच्या डोळ्यांत जरा तेज आलं. “ते बटणच चालू करतो. मुद्दामच हेलकावू दे सगळं. मग कुणाला काय कळतंय?”

“हे बरंय,” डेनीही सरसावला. “जुन्या धाटणीचं वाटेल.”

त्यांनी बटण फिरवलं, हळू लावून पाहिलं, जोरात लावून पाहिलं. पण अॅम्पचा हेलकावा अॅम्पच्या चालीने जायचा आणि ऑरिनचा त्याच्या. दोघांचं जमेचना. कधी एक दुसऱ्यावर चढायचा, कधी दुसरा मागे राहायचा, आणि ऐकणाऱ्याला बोट लागल्यासारखं व्हायचं. ऑरिनने बटण परत शून्यावर आणलं.

“कॉम्प्युटर सरळ करतो हल्ली,” डेनी हळूच म्हणाला. त्याने खुर्ची ओढली, पडद्यावरची दातेरी रेघ निवडली, दोनदा टिचकी मारली. रेघ इस्त्री केल्यासारखी झाली. त्यांनी ऐकलं.

“झाला सरळ,” डेनी म्हणाला.

“झाला.”

“मग?”

“हा दुकानातला सूर आहे, डेनी. माझा नव्हे.”

“बरं. मग तो हलणाराच ठेवू. खरं सांगतो, ऐकायला वाईट नाहीये. लोक म्हणतील, काय जीव ओतलाय.”

“या वर्षी म्हणतील,” ऑरिन म्हणाला. “पुढच्या वर्षी?”

डेनीने पडद्यावर ती सरळ केलेली रेघ पुन्हा होती तशी करून ठेवली. ऑरिनचा सूर पुसला मात्र नाही.

“मार्लीसला माहितीये?” त्याने विचारलं.

“तिने मंगळवारची वेळ घेतलीये. तिला माझ्याआधी माहितीये. ती माझे पार्ट संपायची वाट बघतेय.”

“जातोयस ना?”

“जायला लागेल.” ऑरिन उठला. “अॅम्प बंद करू दे आधी. बिचारा उघडा पडलाय कधीचा. त्याच्यात काही खोट नव्हती.”

त्याने वायर काढली, आतली वीज उतरू दिली. अॅम्पची मागची फळी लावायची होती. उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, डाव्या हाताने फळी दाबून धरायची. स्क्रू भोकाशी आला की भोक हलायचं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा स्क्रू निसटून टेबलाखाली गेला. डेनी बघत होता. मदत केली तर बोलल्यासारखं होणार, म्हणून तो नुसता बघत होता. स्क्रू आणखी एकदा पडला तेव्हा त्याने खाली वाकून तो उचलला, पण परत दिला नाही.

“दे तो ड्रायव्हर,” तो म्हणाला. “तू बॅटरी धर. मला दिसत नाही हल्ली.”

डेनीची नजर घारीसारखी होती. ऑरिनला ते माहीत होतं. त्याने ड्रायव्हर दिला, उजव्या हाताने फळी दाबली आणि डाव्या हातात बॅटरी घेतली.

अॅम्पच्या पाठीवर उजेडाचा गोल पडला आणि थरथरायला लागला. डेनी त्या थरथरत्या उजेडात गुडघ्यांवर बसून एकेक स्क्रू पिळत होता, सावकाश. वर मार्लीसने टेबलावर ताटं मांडली.

“थोडा डावीकडे,” डेनी म्हणाला.

ऑरिनने बॅटरी डावीकडे केली.

“हां. असाच राहू दे.”