पट्ट्यावरचा पंखा

जीपच्या इंजिनाला पट्ट्यावर फिरणारा पंखा ठेवायचा की बॅटरीवर चालणारा बसवायचा, यावरून आदिलाबादजवळच्या इचोड्यात एका उन्हाळ्यात आमचं भांडण झालं. भांडण दोघांचंच होतं, माझं आणि मामांचं. ते मी जिंकले. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि जिंकण्याची मला फार हौस होती.

मामा आमच्या जीपचे ड्रायव्हर. त्यांचं गाव मुधोळकडचं, माझ्या आईच्या माहेरापासून तीन कोसांवर. एवढ्या नात्यावर मी त्यांना मामा म्हणू लागले. लोकांसमोर ते मला ‘बाई’ म्हणत आणि ‘तुमी’ म्हणत. गाडी डोंगराला लागली की ‘पोरी’ आणि ‘तू’.

आमची संस्था लहान होती. मंगळवारी ही जीप औषधांच्या पेट्या घेऊन डोंगरातल्या चार गावांना जाई. त्याला आम्ही चालता दवाखाना म्हणत असू. चालत्या दवाखान्यात माणसं दोनच, गाडी चालवणारे मामा आणि औषध देणारी मी. शेवटच्या गावाआधी दोन नाले होते. त्यामुळे दरवर्षी आषाढापासून दसऱ्यापर्यंत फेरी बंद राहायची, आणि लोक आजारी पडायचे ते नेमके त्याच महिन्यांत. आदल्या पावसाळ्यात त्या गावात एक पोर जुलाबाने गेलं. मीठ-साखरेची पुडी माझ्या खोलीत पडून होती. पोर तिथे होतं, मध्ये पाणी होतं. मी शपथ घेतली की येत्या पावसाळ्यात फेरी बंद राहणार नाही. नुसती शपथ घेऊन माझं समाधान होणारं नव्हतं. मी पत्रक काढलं: ‘पाऊस असो वा नसो, दर मंगळवारी.’

आमच्या घरात पुस्तकं नव्हती. वडील सभांना जायचे आणि खिसे भरून पत्रकं आणायचे. त्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक मागणी असते आणि प्रत्येक गोष्टीला दोनच बाजू असतात, अशी माझी लहानपणापासून समजूत. अशी समजूत घेऊन माणूस कामाला चांगला लागतो. पण त्याच्याशी गप्पा मारायला कोणी येत नाही. इचोड्यात एका गोदामाच्या मागे माझी खोली होती. आठवडाभर मी रजिस्टरं लिहायची, गोळ्या मोजून पुड्या बांधायची, हमरस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज ऐकायची. कामाखेरीज चार शब्द बोलावे असा माणूस एकच होता, आणि तो मंगळवारी भेटायचा.

तर पंखा. जुन्या जीपमध्ये इंजिन फिरतं, त्यावर पट्टा फिरतो, पट्ट्यावर पंखा. त्याच पट्ट्यावर पाणी फिरवणारा पंप आणि बॅटरी भरणारा डायनामो. सगळं साधं. पण गाडी खोल पाण्यात घातली की पंख्याची पाती पाणी कापू लागतात, वाकतात आणि समोरच्या रेडिएटरमध्ये घुसतात. म्हणून नाल्याच्या काठावर इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं, डायनामोचा बोल्ट ढिला करून पट्टा काढायचा, रेडिएटरपुढे पोतं बांधायचं, आणि इंजिन तापायच्या आत पलीकडे जायचं. तिथे पुन्हा उतरून पट्टा चढवायचा, लोखंडी सळईने डायनामो ताणून धरायचा आणि बोल्ट आवळायचा. दोन नाले, येताना-जाताना मिळून चार वेळा हे सगळं.

वैशाखात मामा म्हणाले, “मिस्त्रीकडं नागपूरहून भंगारातल्या कारचा पंखा आला हाय. बॅटरीवर चालते. नाल्यात बटन बंद, पल्याड गेलं की चालू. खाली उतराचं कामच नाय.”

“आणि बॅटरी उतरली तर?”

“ढकलू.”

“वायर जळली तर? डोंगरात कोण जोडणार? पट्टा तुटला तेव्हा आपण नायलॉनची दोरी बांधून घरी आलो होतो, मामा. तशी दोरी बांधून वीज येते का?”

“तुयी दोरी मायाच हातानं बांधली होती,” ते म्हणाले आणि बिडी शोधू लागले.

माझं म्हणणं खोटं नव्हतं. आमचा डायनामो म्हातारा होता. दिवे लावले की हॉर्न रडायचा, त्यावर आणखी पंख्याचा भार टाकायचा म्हणजे धोकाच. पण मी तिथे थांबले नाही. जे गावातल्या हातांनी दुरुस्त होत नाही ते आपलं नाही, उद्या भंगारासाठीही नागपूरच्या तोंडाकडे पाहायचं का, असं मी मिस्त्रीच्या दुकानात उभी राहून बोलले. मिस्त्री गाडीखालून डोकं काढून म्हणाला, “अजी मैडम, पंखा हवा देता, उसूल नहीं देता.” मामा इतके हसले की त्यांना खोकला लागला. मला राग आला.

मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. ट्रकवर असताना इंजिन फिरवून चालू करायचं हँडल उलटं येऊन हातावर बसलं होतं तेव्हापासून. गार पाण्याने ती आणखी ताठ होत, आणि चहाचा कप ते डाव्या हातात धरत. हे मी दर मंगळवारी पाहत होते. त्या बोटांनी इंजिनाच्या फटीत नट धरणं काय असेल, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. माझ्या डोक्यात भंगार आणि नागपूर होतं.

संस्थेचे डॉक्टर महिन्यातून एकदा आदिलाबादहून येत. त्यांनी दोघांना बसवून विचारलं. मी बरंच बोलले, मुद्दे घालून. मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “बाई म्हंते ते बी बरोबरच हाय.” डॉक्टरांनी पट्ट्याचा पंखा ठेवला.

पावसाळा लागला आणि फेऱ्या सुरू राहिल्या. पहिल्या दोन मंगळवारी काही अडलं नाही. तिसऱ्या मंगळवारी दुसऱ्या नाल्याच्या काठावर मामा बराच वेळ बॉनेटमध्ये वाकून होते. पाना एकदा पडला, पुन्हा पडला. पलीकडच्या काठावर गाव जमलं होतं, गाडी ढकलावी लागली तर असावं म्हणून. मी उतरले.

“सरका मामा.”

“होते, होते. नट ओला झाला.”

“सरका हो.”

मी त्यांच्या हातातून पाना घेतला. बोल्ट ढिला केला, डायनामो आत दाबला, पट्टा उतरवून त्यांच्या गळ्यात घातला. खरंच गळ्यात घातला, गंमत म्हणून. पलीकडे बायका हसल्या. एक म्हातारा ओरडला, “मामा, आता बाईले गाडी बी शिकव, अन् तू पेट्यांसंगं मागं बस!”

“शिकवली हाय,” मामा ओरडले. “मायापेक्षा हळू चालवते, मनून डिझल कमी पिते.” तेही हसले. मला वाटलं, ते हसतायत.

त्यानंतर पट्टा मीच काढू लागले, मीच चढवू लागले. मामा स्टिअरिंगवर बसून समोर पाहत राहत. ‘पोरी’ म्हणणं कमी झालं होतं. मी मात्र खुशीत होते. पंख्याचं भांडण जिंकलं होतं आणि बाईला यंत्र कळत नाही म्हणणाऱ्यांनाही हरवलं होतं, असा माझा हिशेब. महिन्याच्या पत्रकात मी तो लिहून टाकला. पान्याला बाई-पुरुष कळत नाही, असं लिहिलं. आणि पुढे लिहिलं: ‘जिथे पुरुषाचे हात थांबले, तिथे बाईचे हात पोचले.’ हे वाक्य मी तीनदा मोठ्याने वाचून पाहिलं. तोल फार छान साधला होता.

पत्रकं हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरही गेली. तिथे मामांचे जुने ट्रकवाले सोबती थांबत. कुणीतरी ते वाचून दाखवलं. पुढे काय झालं ते मला मिस्त्रीने सांगितलं. एकाने मामांच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाला, “थांब, तुये हात थांबले ना, आमी पाजतो.” टपरीभर हशा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी जीप धुतली. रेडिएटरमध्ये पाणी भरलं, तेल पाहिलं, पोतं घडी करून सीटखाली ठेवलं. मग किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

“कुठं निघालात?”

“गावाकडं. हात थांबले ना.”

“मामा, ते तुमच्याबद्दल नव्हतं. मी बाईच्या हातांबद्दल लिहिलं होतं.”

“अन् दुसरे हात कोनाचे? तुयाकडं दुसरा डायवर हाय का?”

मी किल्ली उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

“पंखा मी काऊन मांगून राह्यलो होतो?” ते म्हणाले. “तुले वाटलं, म्हाताऱ्याले बटनाचा शौक लागला.”

“मग सांगायचं ना, हात दुखतो म्हणून! एक शब्द सांगायचा. मी ऐकलं नसतं का?”

“भाचीजवळ रडू का, बोल्ट खोलाले होत नाय मनून?” त्यांनी टोपी घातली. “तू एवढं शिकली. मायाकडं पाहून समजाचं होतं.”

मी त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. निर्मलकडे जाणारी बस लगेच आली. इतर दिवशी ती तासभर यायची नाही.

नवीन ड्रायव्हर मिळेपर्यंत फेरी बंद ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. मी नाही म्हटलं. पत्रक काढलं होतं. उन्हाळ्यात मामांनी मला वाळल्या माळावर गाडी शिकवली होती, लायसनही काढायला लावलं होतं. मी एकटी जाऊ लागले.

त्या मंगळवारांबद्दल सांगायचं तर, मला भीती वाटली नाही. कामही जमलं. नाल्याच्या काठावर इंजिन बंद केलं की एकदम जी शांतता येते, तीच तेवढी जमली नाही. पाणी वाहतंय, तापलेलं लोखंड टिकटिक करतंय, आणि आपण वाकून पट्टा काढतोय. शेजारी कोणी “पोतं नीट बांध” म्हणणारं नाही. मी ते स्वतःशीच मोठ्याने म्हणू लागले, तेही त्यांच्या बोलीत. पुराच्या पाण्यामुळे दोन मंगळवार चुकले. बाकी सगळे मी गाठले. त्या पावसाळ्यात शेवटच्या गावात जुलाबाने पोर गेलं नाही. हे लिहिताना आजही माझी मान ताठ होते. तरीही परत येताना शेजारच्या सीटवर मी औषधाची रिकामी पेटी ठेवायची, सीट मोकळी दिसू नये म्हणून.

भाद्रपदात मी मिस्त्रीकडे गेले आणि बॅटरीवरचा पंखा बसवायला सांगितला. डॉक्टरांची परवानगी आधीच घेतली होती. जुन्या डायनामोऐवजी जरा बरा डायनामोही मिळाला. “अब उसूल का क्या हुआ, मैडम?” मिस्त्रीने विचारलं. माझं तोंड पाहून त्याने पुढे काही विचारलं नाही, आणि वायरिंग दोनदा तपासून दिलं.

पंखा नाल्यासाठी बसवला नव्हता. मामांना बोलवायला जायचं होतं आणि रिकाम्या हाताने जाववत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी जीप काढली. निर्मल, भैंसा, मुधोळ, आणि तिथून कच्च्या रस्त्याने त्यांचं गाव.

मामा ओट्यावर बसून सुतळी वळत होते. मला पाहून उठले. माझ्याकडे यायच्या आधी ते जीपकडे गेले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी बॉनेट उघडलं.

“बसवला?”

“बसवला. बटण तुमच्या डाव्या हाताला ठेवलंय.”

त्यांनी इंजिन चालू करायला लावलं. पंखा फिरला, बंद झाला, पुन्हा फिरला. मामा कान देऊन उभे. मग आत बोट दाखवून म्हणाले, “ही वायर गरम नळीले लागून राह्यली. दोन महिन्यात जळन.” हातातल्या सुतळीने त्यांनी ती वायर बाजूला बांधली. डाव्या हाताने आणि दातांनी. मी मदत करायला पुढे झाले नाही. तेवढं आता कळत होतं.

“चला मामा,” मी म्हटलं. “माझं चुकलं. टपरीवर जाऊन सांगते, सगळ्यांसमोर.”

“नको. अजून एक पत्रक काढशील,” ते म्हणाले आणि पहिल्यांदा थोडं हसले. “किती मंगळवारी गेली?”

“दोन सोडून सगळे. एकटीच गेले.”

“पट्टा काढून?”

“हो.”

त्यांनी बॉनेट हळूच खाली सोडलं आणि तळव्याने दाबून बसवलं. “मंग मी कशाले येऊ, पोरी? पट्टा तू काढत होती. आता तर नुसतं बटन हाय.”

“बटणासाठी नाही बोलवत.”

“माइत हाय,” ते म्हणाले. “पन मी नाय येत आता.” मग त्यांनी आत चहासाठी आवाज दिला. चहा झाला. नातवाचं, कापसाचं, भैंसाच्या बाजाराचं बोलणं झालं. मग मी उठले.

त्यांच्या गल्लीत गाडी वळवायला जागा नव्हती. रस्त्यापर्यंत ती मागे मागेच न्यावी लागणार होती, दोन्ही बाजूंना कुडाच्या भिंती. मी आरशात पाहिलं. मामा आत गेले होते. खिडकीतून मान बाहेर काढून, एकदा या भिंतीकडे आणि एकदा त्या भिंतीकडे बघत, मी गाडी हळूहळू मागे घेतली.