भावोजींची बसकी गाडी

नीट चाललेल्या वस्तूची खोड काढण्यात आमच्या धाकट्या दिरांचा हात धरणारा माणूस मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत सापडायचा नाही. मिक्सर फार आवाज करत नसला तर तो काहीतरी लपवतोय असा त्यांना संशय येतो. निवृत्तीनंतर या विद्वानांनी हायब्रिड गाडी घेतली, अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. सिग्नलला इतकी गप्प उभी राहते की शेजारचा रिक्षावाला विचारतो, "काका, बंद पडली काय?" सुखात होती बिचारी. पण भावोजींनी टायर आणि त्यावरच्या पत्र्याच्या फटीत बोटं घातली आणि सुतकी चेहऱ्याने मला म्हणाले, "वहिनी, चार बोटं जातात. ही गाडी नाही, बैलगाडी आहे. खाली घ्यायला हवी."

खाली घ्यायची म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगा काढून आखूड बसवायच्या. साठीनंतर माणूस गुडघ्यांसाठी उंच खुर्ची शोधतो, यांनी बुटकी गाडी शोधली. मग सोसायटीतल्या प्रत्येक गाडीच्या फटीत बोटं घालणं सुरू झालं. वॉचमनने एकदा टायरचोर समजून शिट्टीही मारली. कुठली स्प्रिंग कडक, कुठली मऊ, किती बोटं खाली घेतली तर झकास दिसेल, याची चौकशी महिनोन् महिने चालली. माझी जाऊ भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला तर चहा संपायच्या आत पसंत केलंत!" ती सावंतवाडीकडची, आणि रागावली की थेट गावच्या बोलीत शिरते. "ही गाडी आसा काय पाट? बसलंय तर माका उठवतलो कोण? खाली केल्यात तर मी त्या गाडीत पाय ठेवचंय नाय." भावोजींचा चेहरा पडला. ती बसणार नसेल तर गाडी दाखवायची कुणाला? पण गॅरेजवाल्याला शब्द दिला होता ना!

मी पोटभर हसले. तसा मला हसायचा हक्क नाही. तरुणपणी मीही रुबाबासाठी टाचा उंचावून हिंडायचे. त्या टाचांवरून एकदा जिन्यात घसरले ती थेट सासूबाईंच्या पायांशी. त्यांना वाटलं, सून वाकून नमस्कार करतेय. त्यांनी अखंड सौभाग्यवती भव म्हणून टाकलं. आमचे 'हे' वरच्या पायरीवर भिंतीला टेकून हसत होते, मग गुपचूप खाली आले आणि हात दिला.

गाडी खाली आली. दृष्ट लागू नये म्हणून पुढे बांधलेल्या लिंबाची रस्त्याला घासून घासून दुसऱ्या दिवशी नुसती साल उरली. भावोजींनी आठवडाभर मनधरणी केली, तेव्हा जाऊ कांदिवलीच्या एका साखरपुड्यापुरती तयार झाली. आम्ही दोघी मागे, भरजरी साड्यांत, मांडीवर लाडवांचे डबे. "बॅटरी मागच्या सीटखाली असते," भावोजी पुढून शिकवत होते, "म्हणून मागची स्प्रिंग हिशेबाने निवडलीय. वजन बरोब्बर धरलंय." एवढ्यात सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकर आला आणि गाडीच्या पोटाखालून असा खर्रर्र आवाज झाला की वॉचमनने डोळेच मिटले.

"बॅटरीचं धरलंत," जाऊ शांतपणे म्हणाली. "आमचं कोण धरणार?"

झालेली चूक शोधायला भावोजींना गाडीखाली जायची गरज नव्हती, आरशात आम्ही दोघी दिसतच होतो. मग प्रत्येक उंच ब्रेकरला आमची वरात खाली. आम्ही उतरायचं, हलकी झालेली गाडी त्यांनी पलीकडे न्यायची, परत बसायचं. बसणं सोपं, धप्पकन होतं. उठणं मात्र जाऊला जमेना. दर वेळी भावोजी धावत यायचे, दोन्ही हात पुढे करायचे आणि भर रस्त्यात तिला अलगद उभी करायचे. चारचौघांत बायकोबरोबर चालतानाही चार पावलं पुढे राहणारा हा माणूस!

कांदिवलीला पोचेपर्यंत त्यांचा सगळा रुबाब घामात गेला होता. हॉलच्या दारात ते तिला म्हणाले, "चुकलं माझं. उद्याच जुन्या स्प्रिंगा घालून आणतो."

जाऊने पदर सारखा केला. त्यांचा हात अजून तिच्या हातातच होता. "राहू द्या हो," ती म्हणाली. "इतकी काय वाईट नाही."

दोघं तशीच आत गेली. मी गाडीतच राहिलेय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी थोडा वेळ त्या बसक्या सीटवर बसून राहिले, जिन्यातला तो हसरा हात आठवत. मग दाराला धरून, हळूहळू, माझी मीच उठले.