धुळाच्या हाकेची नक्कल

धुळा भित्रा होता आणि त्याला त्याची लाज नव्हती. दहिवडीच्या पलीकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्यानं भ्यायलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. जो भीत नाही त्याची मेंढरं लांडगा खातो. झुडूप हललं की हा उभा, टिटवी ओरडली की हा उभा. गावातले रिकामटेकडे त्याला बघून म्हणायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. धुळा म्हणायचा, "ब्रह्मराक्षस परवडला गड्या. त्यो मेंढरं तरी खात न्हाई."

पण त्याच्या गळ्याला सगळे मानायचे. उन्हं कलली की तो टेकाडावर चढून काठी टेकायचा आणि हाक घालायचा, "ह्योऽऽ... ह्योऽऽ या!" मग माळावर जिथं तिथं विखुरलेली मेंढरं मान वर करायची आणि कवळी नावाची म्होरकी मेंढी पुढं करून काट्यांच्या वाड्याकडं वळायची. हाक त्याच्या बापाकडून आलेली होती. दुसऱ्या कोणी तीच हाक मारली तर मेंढरं नुसती बघायची आणि पुन्हा गवतात तोंड घालायची.

या हाकेची एक गंमत होती, आणि पुढं सगळं तिच्यावरच फिरलं म्हणून आधीच सांगतो. लांडगा दिसला तरी धुळा हीच हाक मारायचा. शब्द तेच, फक्त आवाजाला कापरं भरायचं. ते कापरं त्यानं कधी मुद्दाम आणलं नाही. पोटात भीतीचा गोळा आला की ते आपोआप गळ्यात उतरायचं, आणि मेंढरं ते ओळखायची. कापऱ्याशिवाय हाक आली की ती घरी यायची. कापरं आलं की वाट फुटेल तिकडं, बहुतेक वेळा पलीकडच्या घळीत, पळून जायची.

त्याची बायको साळूबाई मेंढरांचं सगळं करायची. व्यायलेलीचं बघायची, कोकरं पोटाशी धरायची, काट्यांचा वाडा घालायची. फक्त हाक मारायची नाही. धुळाच्या बापानं ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "बाईची हाक म्हंजी लांडग्याला आवतान." म्हातारा गेला, पण त्याचं बोलणं घरात राहिलं. साळूबाई संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी गप उभी राहायची आणि नवऱ्याची हाक ऐकायची.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी धुळाचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं उन्हाचं असेल. हळद झाली, ज्येष्ठमध झाला, देवाला नारळ झाला. शेवटी साळूबाईनं त्याला एसटीत बसवून सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि सांगितलं की गाठ वाईट आहे, काढावी लागेल. गाठीबरोबर आवाजाची पेटीही जाईल. जीव राहील, पण बोलणं राहणार नाही.

"मग हाक?" धुळानं विचारलं.

डॉक्टरांना कळलं नाही. "कसली हाक?"

धुळाच्या तोंडचं पाणी पळालं. मरणाला तो भ्याला असता तर कोणी नावं ठेवली नसती. पण त्याच्या डोळ्यांपुढं आली ती कवळी, मान वर करून उभी राहिलेली आणि कोणीच बोलवत नाही म्हणून अंधारात माळावरच थांबलेली. मेंढरं हाकेला येईनाशी झाली की ती राखता येत नाहीत. राखता आली नाहीत की खाटकाला द्यावी लागतात. लेक लग्न होऊन पाटणकडं गेली होती आणि भावकीतला अर्जुना आपली मेंढरं सांभाळून यांची किती दिवस बघणार? मेंढरांशिवाय धुळाला दुसरं काही येत नव्हतं.

साळूबाईचा भाऊ जोतिबा सांगलीजवळ माधवनगरला गिरणीत कामाला होता. ऑपरेशनपर्यंत दोघं त्याच्याकडं राहिली. जोतिबा हौशी माणूस. त्यानं नवा टेपरेकॉर्डर घेतला होता, आणि वरून क्रोशाचं झाकण घालून तो देवघराशेजारी ठेवला होता. धुळाचं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "आवं दाजी, एवढंच ना? हाक ह्याच्यात भरून ठिवू. गळा गेला तर जाऊ द्या. बटण दाबलं की हाक तयार."

धुळाला हे पटायला दोन दिवस लागले. आवाज पेटीत गेला म्हणजे गळ्यातून तेवढा कमी होणार, अशी त्याला धास्ती. साळूबाई म्हणाली, "नाय तरी डागदर काढूनच घेनार हायती. पेटीत गेला तर निदान आपल्या घरात तरी ऱ्हाईल." या हिशोबावर त्यानं मान डोलावली.

पहिल्यांदा त्यांनी खोलीतच हाक भरली. लावून ऐकली तर हाकेच्या मागं सारखं खटक-खट, खटक-खट. धुळा दचकला. "ह्यो कसला आवाज?"

"कुठला? मला तर काय बी ऐकू येत न्हाई," जोतिबा म्हणाला. शेजारीपाजारी कापडाचे यंत्रमाग चालायचे, आणि जन्म त्याच आवाजात गेलेल्या माणसाला तो ऐकू कसा येणार? धुळाच्या मेंढरांना मात्र तो पहिल्यांदा ऐकू आला असता. मग असं ठरलं की मागांच्या सुट्टीच्या दिवशी मागच्या रानात जाऊन भरायची. तो दिवस नेमका ऑपरेशनच्या आदला निघाला.

बाभळीखाली यंत्र ठेवलं. जोतिबानं लाल बटण दाखवून ताकीद दिली, "ह्ये दाबलं की नवं भरतंय आनि जुनं पुसतंय. मागनं कवाच दाबायचं न्हाई." धुळानं हात पाठीमागं बांधून घेतले, चुकून बोट जायला नको. घसा बसलेला, उद्या सुरी फिरणार, पुढ्यात लाल बटण. त्याचं अंग घामानं भिजलं. मग उरलासुरला सगळा जीव गोळा करून त्यानं हाक घातली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. टेप फिरत राहिली.

ऐकवल्यावर तो म्हणाला, "ह्यो मी न्हाई."

"पहिल्यांदा समद्यांना असंच वाटतंय, दाजी," जोतिबा हसला. "मला बी माजाच आवाज वळखू आला न्हवता. झकास आलंय!"

 हाक ऐकता ऐकता साळूबाईनं एकदा मागं वळून उसाच्या फडाकडं बघितलं होतं. "काय गं?" धुळानं विचारलं. "काय न्हाई," ती म्हणाली आणि तिनं पदर ओढून घेतला.

मग जोतिबानं शहाणपणा केला. यंत्राचा काय भरवसा, टेप गुंतली तर? एक नक्कल पाहिजे. शेजारचे लालासाहेब फौजेतून रिटायर होऊन आलेले, त्यांचाही टेप होता. दोन्ही यंत्रं चटईवर समोरासमोर ठेवली, एक बोलणारं आणि एक ऐकणारं. सगळ्यांनी श्वास धरला. खोकला आला तर तोही भरला जाईल म्हणून धुळानं तोंडात घोंगड्याचा बोळा कोंबला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला गिळला. नक्कल झाली. लाल बटण कधी दाबलं जाऊ नये म्हणून जोतिबानं दोन्ही कॅसेटींच्या पाठीवरच्या चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाकल्या. एक कॅसेट माधवनगरला ठेवायची, एक गावी न्यायची. इकडची जळली-बुडली तर तिकडची राहील.

सगळं रीतसर झालं. ऐकून मात्र माणसांनीच बघितलं. जिच्यासाठी हाक भरली ती कवळी पार दहिवडीपलीकडं चरत होती, तिला कोणी विचारलंच नाही.

ऑपरेशन पार पडलं. शुद्धीवर आल्यावर धुळानं तोंड उघडलं. गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसता वारा फुसफुसला. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा वारा. त्याची पाचावर धारण बसली. हात गादीवर काहीतरी चाचपडू लागला. साळूबाईनं गाठोडं सोडून कॅसेट त्याच्या हातात दिली, तेव्हा कुठं तो शांत झाला. पुढचे सगळे दिवस ती उशाखाली होती.

पावसाळा सरता सरता दोघं गावी आली. बरोबर जोतिबानं दिलेला टेपरेकॉर्डर आणि पिशवीभर सेल. अर्जुना वाटेतच भेटला. अर्धा झाला होता. "लय झालं धुळादा," तो म्हणाला. "माजं एक ऐकत न्हाईत. सांजंला गोळा करताना जीव जातोय. खाटीक दोनदा येऊन गेला." धुळानं यंत्रावर थाप मारली आणि हसायचा प्रयत्न केला.

उन्हं कलली. तो टेकाडावर चढला, काठी रोवली आणि यंत्र दगडावर ठेवलं. खाली मेंढरं पांगलेली होती आणि त्यांच्या पलीकडं घळ काळी पडत चालली होती. त्यानं आवाजाचं चाक पार शेवटपर्यंत फिरवलं आणि बटण दाबलं.

"ह्योऽऽ... ह्योऽऽ या!"

माळभर माना वर झाल्या. धुळाचे डोळे लकाकले. कवळी ओळखून चार पावलं पुढं आली आणि थांबली. तिचे कान मागं गेले. यंत्रानं पुन्हा हाक दिली आणि मेंढरं गोळा व्हायला लागली, पण घराकडं तोंड करून नव्हे. पाठीला पाठ लावून, चहूकडं बघत. तिसऱ्या हाकेला कवळीनं उडी घेतली आणि सगळा कळप घळीच्या दिशेनं उधळला.

धुळाला काही कळेना. त्यानं टेप मागं घेऊन पुन्हा लावली. मेंढरं आणखी जोरात पळाली. त्यानं यंत्र उचलून डोक्यावर धरलं आणि आता पहिल्यांदाच त्यानं ती हाक नीट ऐकली, मेंढरांच्या कानांनी. आवाज कापत होता. बाभळीखाली उभा असताना उद्याच्या सुरीची जी भीती पोटात होती ती जशीच्या तशी कॅसेटमध्ये उतरली होती, आणि माधवनगरच्या नकलेतही तीच होती. त्यानं दोन जागी जपून ठेवला होता तो लांडगाच.

घळीत खरा लांडगा असायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्होरकी काठापर्यंत पोचली होती. त्यानं तोंड उघडून जिवाच्या आकांतानं ओरडायला घेतलं. गळ्यातून वारा आला. त्याच्या हातातलं यंत्र मात्र भ्यालेल्या धुळाच्या आवाजात बोलवतच होतं, बोलवतच होतं.

साळूबाई वाड्याकडून धावत आली. तिनं यंत्र त्याच्या हातातून हिसकावून बंद केलं. माळ एकदम गप्प झाला. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, पदर कमरेला खोचला, टेकाडाच्या कडेला जाऊन दोन्ही पाय रोवले आणि हाक घातली.

"ह्योऽऽ... ह्योऽऽ या!"

 हाक धुळाची होती. पहिला 'ह्यो' लांब, दुसरा थोडा खाली उतरणारा आणि 'या' म्हणताना मध्येच घेतलेला श्वास, जो त्याच्या बापाचाही होता. इतकी वर्षं वाड्याच्या तोंडाशी उभं राहून तिनं फक्त ऐकलं होतं, आणि कोणी न भरताच ती हाक तिच्या गळ्यात जाऊन बसली होती.

घळीच्या काठावर कवळी थबकली. साळूबाईनं पुन्हा बोलवलं, ओढून, सावकाश, अंधार पडायला अजून वेळ आहे अशा आवाजात. कवळी वळली. तिच्या मागं एकेक करून मेंढरं वळली आणि गळ्यातली घुंगरं वाजवत टेकाडाकडं चालू लागली. दोघं वाड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि कळप त्यांच्या मधून आत गेला. शेवटचं लंगडं कोकरू कळपामागून आलेल्या अर्जुनानं उचलून आत टाकलं आणि तो आपल्या वाटेनं गेला.

काट्याचं फाटक लावल्यावर साळूबाई तिथंच मातीत बसली.  तिचे दात वाजत होते.

"मामंजींनी नगं म्हटलं व्हतं," ती म्हणाली. "त्या दिशी रानात ऐकलं तवाच मला कळलं व्हतं, ह्यात भ्या हाय. पर उद्या कापनार म्हनून तुमास्नी बोलले न्हाई. आनि आता हाक मारताना मी येवडी भ्याले, येवडी भ्याले, जीव जातोय का काय वाटलं."

धुळाला तिला सांगायचं होतं की त्यातलं एवढंसंही हाकेत आलं नव्हतं. सबंध जन्म भीत आलेल्या माणसाला भीतीचा आवाज पारखता येतो आणि तिच्या गळ्यात तो नव्हता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग खांद्यावरचं घोंगडं काढून तिच्या अंगावर टाकलं आणि ती थरथरायची थांबेपर्यंत तो तिच्याजवळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा तो आपण होऊन वाड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं आपली काठी साळूबाईच्या हातात दिली.