माडावरचं कडं

भाट्ये गावातल्या मथुरेच्या परसात एक माड होता आणि त्या माडाला, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, पिंपाचं एक लोखंडी कडं आडवं ठोकलेलं होतं. ठोकणारा तिचा मुलगा आत्माराम. मुंबईच्या कॉलेजात तो बास्केटबॉल खेळे. सुट्टीत आला की पुळणीच्या वाळूत काठीने रेघा ओढून आईला खेळ समजावी.

"आये, इकडचं कडं म्हणजे बाणकोट, तिकडचं तेरेखोल. मधी आख्खा रत्नागिरी जिल्हा. चेंडू धरून पळायचं नाय, आपटत न्यायचा. खाडी आली की दुसऱ्याकडे फेकायचा."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या मथुरेला खेळ असा भूगोलासकट कळला. फाऊल म्हणजे काय तेही कळलं. त्याबाबतीत ती पोरापेक्षा कडक होती.

एका शिमग्याला घरी येताना आत्माराम मित्राला भेटायला दाभोळला आगबोटीतून उतरला. पुढे शिडाच्या पडावाने निघाला आणि खाडीच्या तोंडाशी पडाव उलटला. बाकीचे सापडले. तो सापडला नाही.

"जिल्हा पुरा नाय झाला त्याचा," एवढंच मथुरा म्हणाली. ती रडली नाही, हे वाडीने नीट लक्षात ठेवलं.

त्या माडावर तिने मग नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला चढू दिलं नाही. नारळ पिकून आपसूक पडत. कड्यावर आपटला की खण्ण आवाज होई आणि वाडी दचके. कधीमधी एखादा कड्यातून सरळ खाली येई. मग मथुरा चुलीपुढून उठून दारात येई आणि म्हणे, "बास्केट." लोक त्या बाजूने जाईनासे झाले. माड उंच होत गेला, कडं जिथल्या तिथे राहिलं. माड शेंड्याकडून वाढतो हे भाट्यात पोरांनाही ठाऊक असतं. तरी माणसं लांबून कड्याकडे बघत आणि देवाचं नाव घेत.

बारा वर्षं उलटली. आत्माराम गेला तेव्हा पाळण्यात असलेली त्याची बहीण तुळसा लग्नाची झाली. मिरजोळ्याचं स्थळ आलं, पण त्यांचा निरोप स्पष्ट होता: आधी गेलेल्याचं दिवसकार्य उरका. देह न सापडलेल्यासाठी असतो तो विधी आप्पा भटजींनी सांगितला. पळसाच्या पानांचा देह करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि अग्नी द्यायचा.

मथुरेचा नवरा विठू, जन्म गलबतावर काढलेला खलाशी, नारळ घेऊन आला.

"ह्यो नको," मथुरा म्हणाली.

"मग कुठला गो?"

"कड्यातून येईल तो. आपलं डोकं तो आपणच देईल."

याला भटजींना शास्त्राधार सापडेना. याच्याविरुद्धही सापडेना. विधी अडला. नारळ पडत होते, पण बाजूला. मिरजोळ्याहून दुसरा निरोप आला, पहिल्यापेक्षा आखूड.

शेवटी मथुरा विहिरीवर गेलेली पाहून विठूने भागोजी पाडेल्याला माडावर चढवलं. भागोजीने नेम धरून नारळ सोडला. बरोबर कड्यातून.

"बास्केट गो!" विठू ओरडला.

मथुरा घागर कमरेवर घेऊन आली. तिने वर पाहिलं.

"फाऊल."

"कसला फाऊल?"

"खेळणारा कोण, नि टाकतोय कोण? उतर रे मेल्या भागोजी!"

त्या दुपारी तुळसा तिच्याशेजारी येऊन बसली. "आये, दादाचा चेहरा मला ठाऊकच नाय. तुला आठवतो?"

मथुरेला चेंडू आठवला. चेंडूवरचे हात आठवले. चेहरा येईना. तिने माडाकडे पाहिलं.

तेवढ्यात वर एक नारळ सुटला. कड्याच्या बाहेरच्या काठावर खण्णकन आपटला आणि कुंपणापाशी घरंगळत गेला. तो आत गेला नव्हता. पडवीतून विठूने पाहिलं, तुळसाने पाहिलं. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बास्केट," मथुरा म्हणाली.

विठू कुंपणापाशी गेला आणि नारळ उचलून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी त्या नारळाला अग्नी मिळाला. जाळात तो फुटला तेव्हा मथुरेने तोंडात पदर कोंबला, आणि बारा वर्षं राहिलेलं रडणं वाडीने ऐकलं.

तुळसाच्या लग्नाचा मांडव माडापासून जपून लांब घातला होता. पाठवणीच्या वेळी, वाऱ्याची झुळूक नसताना, एक नारळ काठाला न शिवता कड्यातून सरळ खाली आला. वऱ्हाड वाजंत्रीत दंग होतं. मथुरेने तो उचलला, सोलला आणि लेकीच्या ओटीत घातला. कुठल्या माडाचा, ते कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.