कॅप्टन ढोबळेंचा डावा कान

काचेपलीकडे कॅप्टन ढोबळे बटण दाबत नव्हते.

उजवा कान झकास होता. वयाच्या मानानं तर फारच छान. डाव्या कानात मात्र मी आवाज वाढवत वाढवत मशीनच्या शेवटच्या आकड्यापर्यंत नेला. एवढ्या आवाजाला माणूस हेडफोन काढून फेकतो. कॅप्टन शांत बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होते. पापणीसुद्धा हलली नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे कान तपासते, कापत नाही. माझं सेंटर वर्ध्यात आहे. काम साधं दिसतं. पेशंटला साउंडप्रूफ बूथमध्ये बसवायचं, हेडफोन लावायचे, बीप ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. तेवढ्यावर ऐकू किती येतं याचा आलेख निघतो. पण यात एक गोम आहे. बटण पेशंटच्या हातात असतं. खोटं बोलायला तोंड उघडायचीही गरज पडत नाही.

त्यामुळे संशय हा आमच्या धंद्याचा भाग आहे. माझ्याकडे दोन तऱ्हेची खोटी माणसं येतात. भरतीला जाणारी पोरं आणि एसटीचे ड्रायव्हर बहिरेपण लपवतात. सर्टिफिकेट हवं असणारे ते दाखवतात. पायलट पहिल्या रांगेतला. त्याचं लायसन्स मेडिकलवर टिकतं, आणि कान गेला की लायसन्स धोक्यात. असा माणूस माझ्यासमोर बसून दुसऱ्या रांगेत शिरत होता, हे मला काही पटेना.

नाव अर्थातच बदललंय. माणूस आष्टीकडच्या शेतकरी घरातला, त्या भागातून विमान उडवायला गेलेला पहिलाच. बायको वर्ध्याच्या शाळेत शिक्षिका, म्हणून घर वर्ध्याला लागूनच, बोरगाव मेघेला बांधलं. तपासणीआधी हिस्टरी विचारली, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "कंपनीनं सीनियर पायलटांसाठी अर्ली रिटायरमेंटची स्कीम काढलीय. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. पण कानच गेला म्हटल्यावर ठरवायचं काय उरतं, मॅडम? तुमचा रिपोर्ट मिळाला की तो घेऊन सरकारी मेडिकलला जातो. ते काय ते अनफिट करतील."

"कान कधीपासून गेला?"

"दोनेक आठवडे. एकदम."

एकदम कान गेलेला माणूस घाबरलेला असतो. मुंबई-दिल्लीचे डॉक्टर धुंडाळतो. हा माणूस मोठ्या शहरांत ड्युटी करतो आणि तपासायला वर्ध्याला येतो? तेव्हा मी ते नुसतं टिपून ठेवलं.

आता मात्र पुरावाच हातात होता. कवटी हाडाची असते. एका कानात फार मोठा आवाज सोडला तर तो हाडातून दुसऱ्या कानापर्यंत झिरपतो. डावा कान पूर्ण मेलेला असला, तरी त्या आवाजाला उजव्या चांगल्या कानानं कुरकुर करायला हवी आणि बोटानं बटण दाबायला हवं. कॅप्टननी ते एकदाही दाबलं नाही. बहिरेपणाचं सोंग आणणाऱ्यांची ही नेहमीची चूक. डावीकडचं काही ऐकायचंच नाही असं ठरवलं की ते उजव्या कानालाही गप्प बसवतात.

पाणी आणते असं सांगून मी बाहेर आले. वेटिंगमध्ये कॅप्टनच्या मिसेस, म्हणजे वहिनी, बसल्या होत्या.

"साहेबांना घरी ऐकू येतं का हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

वहिनींनी आधी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "काल नागपूरहून येऊन राह्यलो होतो, वाटेत जाम गावात एक काम होतं. तिथल्या चौकात यायनं गाडी थांबवली. म्हणे मागच्या डाव्या चाकातून किरकिर येऊन राह्यली. मले तं काईच ऐकू आलं नाई. मेकॅनिकनं पाह्यलं तं खरंच बेअरिंग गेलतं."

एकाच कानानं आवाजाची बाजू ओळखता येत नाही. "मग कान गेला असं का म्हणतायत?"

"तेच तं मले समजून नाई राह्यलं. बाई, यायले काई मोठं दुखणं तं नाई ना? झोपत नाईत. काऊन इचारलं तं म्हणतात, रिटायर व्हायचं का नाई याचा इचार करून राह्यलो."

मला वेगळीच शंका आली. पायलट लोक लायसन्सचा विमा काढतात. तब्येतीमुळे उडणं कायमचं बंद झालं तर रक्कम मिळते. आपणहून रिटायर झालात तर नाही. असं आहे तर, मी मनात म्हटलं. आणि तिडीकच आली. सर्टिफिकेटसाठी माझ्याकडे खरे बहिरे हेलपाटे घालतात, आणि हे कॅप्टनसाहेब माझ्या सहीवर विमा उकळणार!

परत जाऊन मी सापळा लावला. तो असा. दोन्ही कानांत एकच सूर एकाच वेळी वाजवला, तर जिकडे तो मोठा असेल तिकडेच माणसाला ऐकू येतो. दुसरीकडचा हळू सूर असूनही जाणवत नाही. मी उजवीकडे त्यांना सहज ऐकू येईल असा हळू सूर ठेवला आणि डावीकडे मोठा. डावा कान खरंच गेलेला असता, तर उजवीकडचा ऐकून त्यांनी बटण दाबलं असतं. डावा धड असेल, तर सूर फक्त डावीकडेच वाजणार आणि 'हे मला ऐकू येत नाही' म्हणून ते गप्प बसणार.

गप्प बसले.

मी बूथचं दार उघडलं. "कॅप्टन साहेब, तुमचा डावा कान माझ्यापेक्षा चांगला आहे."

"मशीन तपासा तुमचं."

"मशीन ठीक आहे. विमा किती आहे?"

ते ताडकन उठले. चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते पुन्हा खाली बसले आणि त्यांची ती घोटून तयार केलेली शहरी मराठी गळून पडली.

"पैशासाठी नाई, ताई. इमा मी काढलाच नाई कधी. मले ऐकू आलतं. दोन्ही खेपा ऐकू आलतं."

मग त्यांनी सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी ते विमान उतरवत होते. जमीन जवळ आली असताना वाऱ्याचा झोत आला आणि विमान रनवेच्या मधल्या रेषेवरून सरकलं. शेजारी बसलेली को-पायलट म्हणाली, "गो अराउंड." म्हणजे उतरू नका, पुन्हा वर न्या. हे रोजचंच आहे, त्यात काही नामुष्की नाही. कॅप्टननी ऐकलं. हात हलले नाहीत. ती पुन्हा म्हणाली. तरी हात हलले नाहीत.

"आमच्याकडे रूल आहे," ते म्हणाले. "दोनदा बोलून कॅप्टन उत्तर देत नसंल, तं तो कामातून गेला समजायचं अन् विमान आपल्या हाती घ्यायचं. तिनं घेतलं. प्रवाशायले तं समजलंही नाई. अन् हा रूल तिले शिकवला कोणं? मी. याच कारणापायी मी ट्रेनिंगमधली पोरं फेल केली हायेत."

"तिला काय सांगितलंत?"

"हेडसेट खरखरत होता, ऐकू आलं नाई. ती हो म्हणाली. मंग वाटलं, ऐकूच आलं नाई असं असतं तं किती बरं होतं. कान गेला तं माणसाले कोणी भेकड नाई म्हणत. आता स्कीममधी रिटायर झालो तं ती समजून जाईन. नाई झालो तं सुट्टी संपली का पुढच्या हप्त्यात उडवा लागते."

मला राग होता, तो गेला नाही, पण त्याच्यात भीती मिसळली. माझी लेक महिन्यातून दोनदा विमानानं ये-जा करते. पुढे बसलेला माणूस कोण आहे, हे तिला काय माहीत?

"हे बघा," मी म्हटलं. "रिपोर्ट नॉर्मलच देणार. हात का हलले नाहीत ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही. मेंदूचं असेल, हृदयाचं असेल, किंवा नुसते दमले असाल. बहिरेपणाच्या कागदाखाली ते दाबलं, तर कोणी तपासणारसुद्धा नाही. तुमच्या बॉसला आत्ता फोन करा."

"अन् नाई केला तं?"

"तर तुम्ही नागपूरला दुसऱ्या सेंटरमध्ये जाल, हे मला कळतंय. पण मी आधी वहिनींना आत बोलावते."

त्यांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, "बूथ वापरू का? बाहेर गर्दी आहे."

दार लागलं. आता काचेपलीकडे ते बोलत होते आणि मला अक्षरही ऐकू येत नव्हतं. फोन डाव्या कानाला होता. माझा स्वभाव वाईट. मनात आलं, हा माणूस नुसतेच ओठ हलवत नसेल कशावरून? बाहेर येताच मी हात पुढे केला. त्यांनी निमूटपणे फोन दिला. कॉल लागला होता आणि बराच वेळ चालला होता. मला थोडी लाज वाटली. फार नाही.

त्याच दिवशी कंपनीनं त्यांना ड्युटीवरून उतरवलं. मेंदू, हृदय, झोप, सगळं तपासलं. बोट ठेवावं असं काही सापडलं नाही. डॉक्टरांनी फिट म्हटलं. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमानाच्या खोट्या कॉकपिटमध्ये बसवलं, तिथंही ते पास झाले. पुन्हा उडायची परवानगी हातात होती. तरी त्यांनी स्कीमच्या अर्जावर सही केली. कारण विचारलं, तर स्पष्ट सांगितलं, "मले माह्या हातायचा भरोसा नाई राह्यला."

हे सांगायला दोघं नवरा-बायको सेंटरवर आले होते. चहा झाला. निघताना कॅप्टन दारात थांबले.

"त्या पोरीले फोन करून खरं सांगतलं, ताई. हेडसेट ठीक होता म्हटलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, सर, मले तवाच माहीत होतं. मी पहिल्यांदा बोलली, तवा तुमी माह्याकडे पाह्यलं होतं."

मी आता नवीन मुलींना काम शिकवते तेव्हा त्यांना एवढंच सांगते. पेशंटनं बटण दाबलं नाही, तर 'दाबलं नाही' असं लिहा. 'ऐकू आलं नाही' असं लिहू नका.