मोहाखालचं अंगण

निकिताने कुसाबाईला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती जंगल झाडत होती.

वनरक्षक म्हणून पेठच्या बाजूला रुजू होऊन निकिताला जेमतेम आठवडा झाला होता. नाशिकच्या कॉलनीत वाढलेल्या या मुलीने झाडलेलं अंगण पाहिलं होतं, झाडलेला रस्ता पाहिला होता. पण झाडलेलं जंगल? मोहाच्या दोन मोठ्या झाडांखाली औषधालाही पान नव्हतं. साठीची काटकुळी बाई उरलंसुरलं ओढत होती आणि बाजूला पाचोळ्याचा ढीग धुमसत होता.

"मावशी, जंगलात जाळ करायला बंदी आहे."

"मंग फुलं पाचोळ्यात हुडकू काय? तुझं डोळं दे मला!" कुसाबाई वर न बघता म्हणाली. मग तिला खाकी कपडे दिसले, तरी आवाज काही खाली आला नाही. "माझ्या सासूनं झाडलं, तिच्या सासूनं झाडलं. मोहाखाली कचरा ठेवणारी बाई आळशी म्हणत्यात आमच्यात."

मोहाच्या फुलांवर तिचा उन्हाळा निघत असे. पण चार वर्षांपासून दोन्ही झाडांचे शेंडे वाळत चालले होते, फुलं निम्म्यावर आली होती. झाडं गेली तर काय, हा विचार तिला झोपू देत नव्हता. कारण मात्र तिला ठाऊक होतं. पलीकडच्या टेकडीवर खडी फोडायची मशीन आली होती. तिने एक पान पदराने पुसून निकितासमोर धरलं. पदरावर करडं पीठ उमटलं.

"हे बघ. हे खाऊन जगंल का झाड?"

शेजारचा सोमा तर मशीनविरुद्धचा तक्रारअर्ज खिशात घेऊनच फिरत होता. निकिताने दोन्ही झाडांखालची माती आणि पानं पिशव्यांत भरली आणि नाशिकच्या प्रयोगशाळेत तपासायला दिली.

महिन्याभराने तिथले साहेब म्हणाले, "धुळीने पानाची छिद्रं बुजतात, हे खरं. पण माती अगदी निकस आहे. पाचोळा कुजून झाडाला परत मिळायचा, तो कुणीतरी काढून घेतंय."

"मग झाड वाळतंय कशाने?"

"दोन्हीने. कुणाचा वाटा किती, ते नाही सांगता येणार."

परतीच्या एसटीत निकिताने हे सांगायचं कसं, याची चार वेळा जुळवाजुळव केली. शेवटी सरळच सांगितलं.

कुसाबाई आधी हसली. मग म्हणाली, "म्हंजे झाडाचं जेवण मी जाळलं?"

"म्हातारे, आता तक्रार तुझ्यावरच करावी लागंल!" सोमा म्हणाला. ती हसली नाही.

"राख तर मातीतच पडली ना, पोरी?"

"काही मातीत पडतं. काही धुरात जातं."

"किती?"

"माहीत नाही, मावशी."

"एवढी शिकली, खाकी घातली, आन् माहीत नाय!"

मग ती निकिताला रस्त्याकडेच्या तिसऱ्या मोहाकडे घेऊन गेली. गाड्यांच्या भीतीने तिथे ती कधीच झाडत नसे, आणि ढोपरभर पाचोळा साचला होता. धूळ सगळ्यांत जास्त याच झाडावर. तरी शेंडा हिरवागार. पानं मात्र वीतभर व्हायची, ती चार बोटांवर आलेली.

"ह्याचं पोट भरलंय, तर पानं का बारीक? आन् धुळीनं मरतंय, तर शेंडा का हिरवा?"

निकिताने झाडाकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं. मग दोन्ही प्रश्न वहीत उतरवून घेतले.

अर्जावर अंगठा द्यायची वेळ आली, तेव्हा कुसाबाईने हात मागे घेतला. "पाचोळा मी जाळला, ते पण लिव्ह."

"आपलीच केस पाडतीस का?" सोमा चिडला.

"धूळ हाय ती हाय. मी केलं ते पण हाय. कोणतं जास्त, ते त्यांनी सांगावं. मला तर काय उमगत नाय."

निकिताने तसं लिहिलं. कुसाबाईने अंगठा उमटवला. अर्जाला दोन वर्षं झाली, उत्तर अजून आलेलं नाही. मशीन चालू आहे.

हल्ली त्या दोन मोहांपैकी एकाखाली कुसाबाई पाचोळा तसाच ठेवते आणि फुलं झेलायला वर जुन्या साड्या अंथरते. दुसऱ्याखाली ती अजूनही रोज झाडते, आणि दोन्हींचे शेंडे ताडून बघते.